कुणीतरी सांगत होतं

प्रिय ताई,

‘प्रिय’ लिहिलं आणि मग त्या शब्दाकडे बघत बसले. खोडणार होते, पण खोडून दुसरं काय लिहायचं ते सुचेना, म्हणून राहू दिला. त्याचा फार अर्थ काढू नकोस. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देणार नाहीस आणि मी रडल्याशिवाय बोलू शकणार नाही, हे आपल्या दोघींनाही पाठ आहे. कागदावर तुला मध्येच तोडता येत नाही, एवढ्यासाठी कागद. तेव्हा पूर्ण वाच. अर्ध्यावर चष्मा काढून, हिचं नेहमीचंच रडगाणं, असं म्हणून घडी घालून ठेवू नकोस.

तुझी तक्रार मला मिळाली. तू ती भिंगरीच्या ऑनलाइन शाळेला परस्पर पाठवलीस, म्हणजे माझ्या कानावर यायची नाही असा तुझा हिशेब असणार. त्या शाळेची रीत अशी आहे की मुलाविरुद्ध काही आलं तर त्याची प्रत आधी घरी पाठवतात आणि घरच्यांचं म्हणणं विचारतात. तुमच्याकडे विचारायची पद्धत नाही, त्यामुळे तुझ्या डोक्यात ते आलं नसेल. मी लॅबमध्ये होते. एका आजोबांच्या कवळीत मेणावर दात बसवत होते, पुढचे झाले होते, सुळा हातात होता. फोनवर खाली तुझी सही दिसली, सहीखाली ‘उपमुख्याध्यापिका’, आणि मी तो सुळा उलटा बसवला. इतकी वर्षं लोकांचे दात करते आहे, असं कधी झालं नव्हतं. शेजारी साच्यात प्लास्टर ओतणारी मैत्रीण म्हणाली, अगं बाई, आजोबांचा वाघ करतेस की काय. ती हसली, मीही हसले, आणि मग हात धुवून येते म्हणून गेले ती बराच वेळ बाहेर आलेच नाही.

तक्रार मी इतक्यांदा वाचली आहे की तोंडपाठ झाली आहे. ‘सदर विद्यार्थिनीस मी स्वतः वर्गात शिकवले असून तिची गणितातील कुवत मला पूर्ण परिचित आहे.’ सख्ख्या भाचीला सदर विद्यार्थिनी म्हणालीस, ते एक वेळ सोडून देते. पण कुवत? पुढे म्हणतेस, घरी बसून दिलेल्या परीक्षेवर विश्वास तो काय ठेवायचा. आणि मग तुझा हुकमाचा एक्का. समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ काढायची रीत अचूक आहे, एकही पायरी गाळलेली नाही, पण आकृतीला मात्र उत्तरभर ‘समभुज’ म्हटलं आहे. जिला आकृतीचं नाव धड ठाऊक नाही, तिला रीत कुठून येणार? ‘कोणीतरी सांगत होते व ती ऐकून लिहीत होती, हे उघड आहे.’ मला भूमितीतलं ओ की ठो कळत नाही हे तुला माहीत आहे, तरी तुझा मुद्दा मला लगेच कळला. तू आहेसच हुशार. लहानपणी बरणीतला खाऊ कुणी खाल्ला तेही तू असंच, बरणीचं झाकण कुठल्या बाजूला फिरवलंय ते बघून सांगायचीस.

तुला तो पेपर दाखवला कुणी? मीच. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, मिरवायला, का नाही मिरवायचं? ज्या पोरीनं तीन वर्षांत गणिताचा पेपर घरी दाखवला नव्हता, लपवला होता, फाडला होता, एकदा तर बाथरूममध्ये भिजवून ठेवला होता, तिनं स्वतः आणून माझ्या हातात दिला. आत्यानं, काकानं, तिच्या बाबांनी बोटीवरून, सगळ्यांनी शाबासकी दिली. तुझं काहीच आलं नाही. मला वाटलं, ताईच्या परीक्षा चालू आहेत, सवड नसेल. आणि तू तिकडे फोटो मोठा करून चुका हुडकत होतीस. आनंदाचा फोटो होता गं तो. तू त्याचा पुरावा केलास, याचा मला किती संताप आला आहे ते लिहून सांगता येणार नाही, पण मी प्रयत्न करणार आहे.

तुला वाटतं, मी पोरीला तुझ्या शाळेतून काढून तुझं नाक कापलं. स्टाफरूममध्ये तुला विचारत असतील, उपमुख्याध्यापिकेची भाची गेली कुठे. ती गेली कशी, हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. मांडीच्या हाडात पू झाला तेव्हा ती सहावीत होती. एक ऑपरेशन, मग दुसरं, मग प्लास्टर, मग परत पहिल्यापासून. त्या काळात तू दवाखान्यात किती बसलीस ते मी विसरलेले नाही. तिचे बाबा बोटीवर, मी लॅबमध्ये, आणि तू शाळा सुटली की थेट तिच्या खाटेजवळ. भिंगरी हे नावही तूच ठेवलेलं, एका जागी ठरत नाही म्हणून. खाटेवर पडून पडून तिची पार रया गेली होती तरी तू तिला भिंगरीच म्हणायचीस आणि ती हसायची. हे सगळं मी कबूल करते. म्हणून तर तिला परत शाळेत घालताना मी निर्धास्त होते. मावशीचाच वर्ग आहे, म्हटलं, आता काय काळजी.

आणि तू काय केलंस? ती कुबडी घेऊन आठवीच्या वर्गात आली. सातवी तिची झालेलीच नव्हती, आजारी म्हणून नुसती वर ढकललेली. तू फळ्यावर समीकरणं सोडवत होतीस आणि तिला अजून अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. पहिल्या आठवड्यात तिनं हात वर करून विचारलं, तू सांगितलंस. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा, मागचं आहे ते, घरी कर, म्हणालीस. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सगळ्या वर्गासमोर म्हणालीस, वर्ग कुणासाठी थांबत नाही. त्यानंतर तिनं हात वर केला नाही. कुबडी ठेवायला जागा हवी म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवलंस, ते सोयीसाठी असेल, पण पोरींनी त्याचं करायचं ते केलं. ‘थांबा’ म्हणायच्या तिला. नाव थांबा. बसचा असतो तसा. मावशीच्या तोंडचा शब्द, तोच चिकटला. तुला हे माहीत नव्हतं ना? तिनं तुला सांगू नकोस म्हणून मला शपथ घातली होती, मावशीला वाईट वाटेल म्हणून.

मी तुझ्याकडे दाताच्या कण्या केल्या. तिला जरा खालच्या वर्गातलं वेगळं शिकवता येईल का, तासानंतर बसवता येईल का. तू म्हणालीस, एकीसाठी नियम बदलला तर उद्या सगळे रांग लावतील, आणि भाची म्हणून तर मुळीच नाही, लोक नावं ठेवतील. लोक. मला सांग ताई, पोटचं पोर रोज सकाळी बूट घालताना उलटी करत असेल, तर लोक येतात का पुसायला? मग मी तिला काढली आणि त्या शाळेत घातली. त्यावर तू हसलीस. ‘पलंगावरची शाळा’ म्हणालीस, आळशांची सोय म्हणालीस. आजही जेवायला चार माणसं जमली की तो विनोद करतेस आणि ती समोर बसून पाणी पीत राहते.

आता त्या पलंगावरच्या शाळेत काय होतं ते ऐक, कारण तू कधी विचारलं नाहीस. पहिल्या दिवशी त्यांनी तिची इयत्ता विचारलीच नाही. काय येतं आणि कुठे अडतं ते विचारलं, आणि मग भाषा, इतिहास तिच्या वयाचं दिलं आणि गणित पाचवीपासून. पाचवीचं गणित करते आहे हे तिला आणि बाईंना सोडून कुणाला दिसत नाही. शेजारचं पोर वाकून बघत नाही, कारण शेजारी पोरच नाही. पाय ठणकत असेल तर सकाळचा पाठ दुपारी करते. एखादा पाठ डोक्यात शिरला नाही तर तोच पुन्हा करते, शिरेपर्यंत, आणि कुणी सुस्कारा टाकत नाही. तयार झाली असं तिला वाटलं की मग चाचणी, आधी नाही. तिच्या बाई चष्मा लावतात आणि त्यांचं मांजर मध्येच पडद्यासमोरून जातं, शेपूट वर करून. आठवड्यातून दोनदा त्या तिच्याशी एकटीशी बोलतात. तिथं तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की तू मठ्ठ नाहीस, तुझ्या मधल्या पायऱ्या राहिल्यात, पायऱ्या घालता येतात. हे सांगायला त्यांना तुझ्यासारखी पदवी लागली असेल, नसेल, मला माहीत नाही. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

सगळं गोडगोड झालं असं मी म्हणत नाही, नाहीतर तू म्हणशील, हिला कुणीही गंडवतं. पहिले काही महिने भयंकर होते. पाठ चालू करून द्यायची आणि आवाज बंद करून फोनवर भलतंच बघत पडायची. मी लॅबमधून आल्यावर विचारलं की झालं, झालं म्हणायची, आणि बाईंचा निरोप यायचा की काहीच झालेलं नाही. आम्ही दोघी इतक्या भांडायचो की खालच्या मजल्यावरच्या काकू झाडू छताला आपटायच्या. एकटी पडली होती, मैत्रिणी नाहीत, कुणाशी बोलणं नाही. एकदा तर मीच म्हणाले, ताईचं बरोबर होतं. तेवढं ऐकल्याबरोबर उठली आणि मुकाट्यानं पाठ लावून बसली. तुझ्या नावाचा असाही उपयोग होतो.

मग भूमिती आली आणि गाडं पुन्हा अडलं. त्या शाळेचे पाठ रंगीत आहेत, आकृत्या आपोआप फिरतात, वाजतात, आणि हिला त्यातलं काही कळेना. बाई म्हणाल्या, आमचाच पाठ बघायला हवा असं काही नाही, पुस्तकातून शिक, कुणाकडून शिक, जिथून कळेल तिथून शिक, फक्त शिक. हे माझ्या कानावर होतं. पुढे काय झालं ते माझ्या कानावर नव्हतं.

एकदा संध्याकाळी घरी आले, कुलूप काढलं, आणि आतून तुझा आवाज. ठणठणीत, नेहमीचा, दार बंद असलं तरी शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. तेव्हा आपलं बोलणं बंद होऊन बरेच दिवस झाले होते. मी बूट काढले नाहीत. पिशवी टेबलावर ठेवली, केस नीट केले, काय काय बोलायचं ते मनात लावून घेतलं, आणि तिच्या खोलीचं दार ढकललं. भिंगरी पलंगावर बसलेली, मांडीवर वही, आणि समोर पडद्यावर तू. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, हातात कात्री, आणि तशीच गपगार. तिनं तुला थांबवली होती. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, थांब गं आई, एवढं लिहून घेते, मग मावशीला चालू करते. माझ्या जन्मात तुला कुणी गप्प केलेलं मी पाहिलं नव्हतं. आपल्या आईला जमलं नाही, बाबांना जमलं नाही, तुझ्या मुख्याध्यापकांना जमत नाही. हिनं एका बोटानं केलं. मी पलंगावर बसून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तू दिसत होतीसच तशी.

आठवतंय का तुला काही? शाळा बंद पडल्या होत्या त्या वर्षी तुम्हाला घरून पाठ रेकॉर्ड करून द्यायला सांगितलं होतं. तू केवढा थयथयाट केला होतास. भिंतीला चादर लावली, इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांची चळत, त्यावर फोन, आणि फोन धरायला मी. आणि तुला बोलताच येईना. वर्गात चाळीस पोरांना दरडावणारी तू, त्या फोनसमोर तुझी दातखीळ बसली. म्हणालीस, ह्या काचेला शिकवू कसं, हिला कळलं की नाही ते कसं दिसणार. तेव्हा तूच भिंगरीला हाक मारलीस. चौथीत होती. तिला फोनच्या मागे स्टुलावर बसवलंस आणि म्हणालीस, तू फक्त माझ्याकडे बघ, कळलं तर मान हलव. आठवीचा पाठ चौथीतल्या पोरीला काय कळणार? ती प्रामाणिकपणे मान हलवायचीच नाही. आणि तू दर वेळी थांबायचीस. ‘नाही कळलं? बरं. परत सांगते.’ बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन सारखे तुकडे कापलेस, एक उलटा करून दुसऱ्याला चिकटवलास, आणि म्हणालीस, आता बघ, झाला की नाही ओळखीचा, आता याच्या निम्मं. ती तरी मान हलवेना. तू पुन्हा कापलेस. वीस मिनिटांचे पाठ तासाचे झाले. तुझ्या शाळेला ते फार लांबलेले वाटले आणि त्यांनी दुसऱ्या कुणाचे तरी घेतले. तुला ते इतकं लागलं की मला म्हणालीस, पुसून टाक सगळे. मी हो म्हणाले आणि पुसले नाहीत. बरं केलं.

ते तिला जुन्या फोनमध्ये सापडले. आता कळलं, कोण सांगत होतं ते? तू बरोबर ओळखलंस ताई, कुणीतरी सांगत होतं आणि ती ऐकून लिहीत होती. परीक्षेत नाही, त्याआधी रोज दुपारी. तुझे सगळे पाठ तिनं कितीदा बघितले असतील देव जाणे. हळू करून, मागे नेऊन, थांबवून. तुझं ‘परत सांगते’ आमच्या घरात इतकं वाजतं की आता भांडी घासताना माझ्याही तोंडी येतं. आणि तो समलंबचा पाठ एकदा लावून बघ, मी सोबत पाठवते आहे. आदल्या दिवशी तू समभुज शिकवला होतास, दमली होतीस, आणि त्या पूर्ण पाठात तू समलंबला समभुज म्हणाली आहेस. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत. मला कळलं नाही, चौथीतल्या पोरीला कळलं नाही, आणि शाळेनं नुसती लांबी बघितली, पाठ बघितलाच नाही. ती चूक तुझी आहे. तुझ्या तोंडची. तक्रारीत जिच्यावर तू बोट ठेवलंस ती तुझीच चूक आहे. हे वाचताना तुझा चेहरा कसा झाला असेल ते बघायला मी पैसे मोजले असते.

मी तिला विचारलं होतं, पुस्तकात तर समलंब छापलंय, मग तू समभुज का लिहिलंस? काय म्हणाली असेल? म्हणाली, पुस्तकात छापताना चुकलं असेल, मावशी चुकत नाही. हे वाक्य तिनं माझ्याकडूनच उचललंय. लहानपणापासून मीच म्हणत आले, ताईला विचार, ताई चुकत नाही. मी तिला म्हटलं, असेल बाई, आणि कुकर लावायला गेले.

आता हे पत्र कशासाठी, ते. शाळेनं तिचा पेपर अडकवून ठेवला आहे. तिची तोंडी परीक्षा घेणार आहेत, येत्या शुक्रवारी दुपारी, कॅमेऱ्यासमोर, दोन अनोळखी परीक्षक. त्यात जमलं तर पेपर ग्राह्य आणि ती पुढच्या वर्षात, नाही तर पेपर रद्द आणि हे अख्खं वर्ष पाण्यात. आणि पाण्यात गेलं तर ती पुन्हा कुठलंही पुस्तक उघडायची नाही, मी तिची आई आहे, मला माहीत आहे. चष्मेवाल्या बाईंनी परवा सराव घेतला. त्यांच्यासमोर धडाधडा सांगितलं. मग त्यांनी दुसऱ्या एका सरांना पडद्यावर बोलावलं आणि हिची वाचाच गेली. पुठ्ठा हातात, कात्री हातात, आणि नुसती बघत राहिली. तुझ्यावरच गेली आहे. तिला काचेशी बोलता येत नाही, समोर माणूस लागतो. आम्ही बाईंना विचारलं, फोनच्या मागे कुणी बसलं तर चालेल का. चालेल म्हणाल्या, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, फक्त बसायचं, दुसरा कॅमेरा लावून त्या माणसालाही दाखवायचं. मी म्हटलं, मी बसते. भिंगरी म्हणाली, तू नको, तुला काही कळत नाही, तू उगाच मान हलवशील. मावशीला बोलव. तक्रार कुणी केली हे मी तिला सांगितलेलं नाही, ताई. तिला वाटतंय, तोंडी परीक्षा सगळ्यांचीच असते. तक्रार मागे घे असं मी म्हणत नाही, मी तुझ्या पाया पडणार नाही, माझा राग गेलेला नाही आणि शुक्रवारी दार उघडेन तेव्हाही गेलेला नसेल. चहा देईन, बोलेनच असं नाही. पण ये. त्या इस्त्रीच्या टेबलामागे स्टूल ठेवलंय, त्यावर बस, आणि तिला खरंच आलं तरच मान हलव. आणि थोडी आधी ये. तिला सांगायला हवं की त्या आकृतीचं नाव समलंब आहे. मी चार दिवस प्रयत्न करते आहे, मावशी चुकली असं माझ्याच्यानं तिला सांगवत नाही. ते तूच सांग.

तुझ्यावर अजून चिडलेली आणि तरीही तुझीच,
धाकटी